फीडला स्टेशन नसतं!

‘फक्त पाचच मिनिटं’ म्हणून मोबाइल हातात घ्यायचा आणि घड्याळ बघावं तर पाऊण तास गुल! रात्रीची झोप जाते ती वेगळीच. आपण आपल्याच आळसाला शिव्या घालून मोकळे होतो. पण मला विचाराल तर यात निम्मा हात डिझायनरचा आहे.

आठवतंय? पूर्वी वेबसाइटवर पान संपलं की खाली १, २, ३ असे आकडे आणि ‘पुढे’ असं बटण असायचं. ते दाबण्याआधी क्षणभर का होईना, ‘बास आता’ असं मनात यायचं. २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकन डिझायनरनं ती पायरीच काढून टाकली. फंडा सिम्पल होता. माणूस तळापर्यंत आलाय म्हणजे त्याला आणखी हवंय, मग क्लिकचा त्रास कशाला? हेतू चांगलाच होता हो! यालाच म्हणतात इन्फिनिट स्क्रोल.

यामागचं इंजिनिअरिंगही भारी आहे. तुम्ही तळाशी पोचायच्या आतच पुढच्या पोस्ट सर्व्हरकडून मागवलेल्या असतात. बरं, ‘दोन नंबरचं पान दे’ म्हणून भागत नाही. तेवढ्यात वर दहा नव्या पोस्ट पडल्या, तर सगळं खाली सरकतं आणि बघितलेलंच पुन्हा समोर येतं. म्हणून शेवटच्या पोस्टची खूण धरून ‘हिच्यानंतरच्या दे’ असं मागतात. जोड कुठे दिसतच नाही. आणि जोड दिसली नाही की थांबायची जागाही दिसत नाही!

पुढे रास्किननंच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. इन्स्टाग्रामनं २०१८ मध्ये ‘तुमचं सगळं बघून झालं’ अशा अर्थाची पाटी आणली. वाटलं, चला, ब्रेक लागला! पण २०२०मध्ये त्याच पाटीखाली अनोळखी लोकांच्या ‘सजेस्टेड’ पोस्ट सुरू झाल्या. गूगल सर्चनं मात्र २०२४ मध्ये हा अखंड स्क्रोल काढून पुन्हा पानं आणली. म्हणजे ठरवलं तर जमतं, बॉस!

तोपर्यंत काय? मी माझ्यापुरता स्टॉप ठरवलाय. लोकलमध्ये ठाणं आलं की फोन बॅगेत. ट्रेनला निदान स्टेशनं तरी असतात. तुमचं स्टेशन कुठलं?