प्रवेशेच्छुकांसाठी नोटपॅड : आकार, कागद, मजकूर



• प्रचार-नोटपॅड म्हणजे संस्थेचे नाव छापलेल्या, एका कडेला डिंकाने चिकटवलेल्या व मागे पुठ्ठा लावलेल्या पानांचा गठ्ठा होय.

• आकार : ए-५ (१४८ × २१० मिमी) किंवा त्याच्या निम्मा ए-६. कापणीत कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून रंग चारही बाजूंनी साधारण ३ मिमी बाहेर नेतात, त्यास ‘ब्लीड’ म्हणतात.

• कागद : वजन जीएसएममध्ये, म्हणजे प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये मोजतात; लिहिण्यासाठी ७० ते ८० जीएसएमचा मॅपलिथो योग्य, कारण गुळगुळीत आर्ट पेपरवर पेनाची शाई लवकर वाळत नाही आणि हात लागताच फरफटते.

• मजकूर : केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतील महाविद्यालयाने आपला सांकेतांक ठळक छापणे महत्त्वाचे, कारण पसंतीक्रम भरताना तोच लागतो. छापखान्यात मजकुराचा फॉन्ट नसल्यास जोडाक्षरे तुटतात, म्हणून देवनागरी अक्षरांचे रेखाकृतींत रूपांतर करूनच फाइल पाठवतात.