राउटरचा पासवर्ड बदललात का?

ऑक्टोबर २०१६मध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास कोलमडल्या. हल्ल्यासाठी वापरले गेले होते लोकांचेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर. ‘मिराई’ या मालवेअरकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या. मालकांनी ते बदललेच नव्हते.

सीएच्या किंवा वकिलाच्या पाच-सात कॉम्प्युटरच्या ऑफिसातही सुरक्षेची सुरुवात राउटरपासूनच करावी. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलायचा, फर्मवेअर अपडेट करायचं, वायफायला डब्ल्यूपीए-३ (जुन्या राउटरवर डब्ल्यूपीए-२) लावायचं. अशिलांसाठी गेस्ट नेटवर्क, सीसीटीव्हीसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच उपकरणांवरचं स्वतंत्र नेटवर्क).

सर्वांत घातक सवय मात्र वेगळीच. घरून टॅली उघडता यावी म्हणून राउटरवर ३३८९ क्रमांकाचं पोर्ट सर्रास उघडं ठेवलं जातं. रिमोट डेस्कटॉपच्या या पोर्टवर पासवर्ड ओळखण्याचे स्वयंचलित प्रयत्न रात्रंदिवस चालू असतात आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर अनेकदा इथूनच शिरतं. हे पोर्ट आजच बंद करा. व्हीपीएन वापरा, जोडीला ओटीपी ठेवा.

मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभर हाहाकार माजवला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा उपाय दोन महिने आधीच उपलब्ध होता. अपडेट पुढे ढकलू नका.

बॅकअपची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि कॉपी झाली की केबल काढा. जोडून ठेवलेली डिस्कही रॅन्समवेअर एन्क्रिप्ट करतं.

एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं कंपन्यांना बंधनकारक आहे.