पावती मालकाची, भाडे आपले

क्रॉफर्ड मार्केटचे नाव बदलून आता कितीतरी वर्षे झाली, तरी टॅक्सीवाल्याला आपण जुनेच नाव सांगतो. हे आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. मुंबईकराला मताचा हक्क मिळाला तो बराचसा त्यांच्यावरच्या रागातून!

१८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींकडे आणि प्रत्यक्ष अंमल एकट्या कमिशनरकडे आला. क्रॉफर्ड कामाचे, पण खर्चाला हात सैल. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाची तेजी त्याच वर्षी कोसळली होती. त्यात करांचा बोजा. १८७१ मध्ये करदाते खवळले.

त्या वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये २६ वर्षांचे फिरोजशहा मेहता बोलायला उभे राहिले. सभेला क्रॉफर्डची निंदा हवी होती. मेहतांनी सांगितले की, अंमल एकाच कर्तबगार अधिकाऱ्याच्या हाती राहू द्या, पण त्याला जाब विचारणारे सभासद लोकांनी निवडलेले असोत. श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. १८७२ चा कायदा मात्र बराचसा याच वाटेने गेला. ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी आणि १६ सरकारने नेमायचे. कमिशनरचा अंमल कायम राहिला. आजही आयुक्तांकडे तो आहे, १८८८ च्या कायद्याने.

पण करदाता म्हणजे कोण? वर्षाला निदान ५० रुपये कर भरणारा. १८७२ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ होती. त्यातले असे किती असणार? १८८८ मध्ये ही अट ३० रुपयांवर आली, पदवीधरांनाही मत मिळाले. खरी मेख तशीच राहिली.

घरपट्टी मालक भरतो, पण ती येते भाड्यातून. परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीत दाटीने राहणारा गिरणी कामगार दरमहा भाडे मोजत होता, म्हणजे आडवाटेने करच भरत होता. पावतीवर नाव मालकाचे, म्हणून मतही मालकाचे. चाळीला नळ किती, गटार कधी, संडास कुठे, हे ज्या सभागृहात ठरे, तिथे वजन होते घरमालकांचे. गटारावर खर्च वाढला की घरपट्टी वाढणार, हे त्यांना पक्के ठाऊक. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा चाळीचाळीतून माणसे मेली, पण त्या चाळकऱ्यांचा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क त्यांना नव्हता. मला या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात जास्त खुपते.

१९२२ मध्ये दरमहा १० रुपये भाडे देणाऱ्याला मत मिळाले. भाडेकरू पहिल्यांदा मतदार झाला. तोही सगळा नाही, कारण कामगाराच्या एका खोलीचे भाडे बहुधा १० रुपयांच्या खालीच असे. म्हणजे घर जितके स्वस्त, तितके मत दूर. १९४८ ची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली, तेव्हा यादीत नाव घालायला ना पावती लागली, ना भाड्याचा आकडा.