हुबळीतली तालीम आणि आजची ऑडिशन

१ जानेवारी १९०८ रोजी केशवराव भोसले यांनी हुबळीत ललितकलादर्श नाटक मंडळी काढली, तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. एवढ्या कोवळ्या वयात मंडळी काढण्याचे बळ कुठून आले, याचे उत्तर त्यांच्या आधीच्या वर्षांत सापडते. लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने पोरवयातच नावारूपाला आले. त्या काळच्या मंडळीत मुलाची निवड आणि त्याचे शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. आवाज बरा आणि चेहरा गोड एवढे पाहून मुलगा घेत, आणि खरी पारख पुढे कित्येक वर्षे चालत राही. मुलगा किरकोळ कामे करी, विंगेत उभा राहून तेच नाटक पुन्हा पुन्हा ऐके आणि हळूहळू सगळ्यांच्या नकला, म्हणजे भूमिकांचे संवाद, त्याला पाठ होत. आज हुबळीच्या दुर्गदबैल किंवा मराठा गल्लीतल्या घरात बसून मोबाइलवर स्वतःचे चित्रण करून ते ऑडिशनसाठी मुंबईला किंवा बंगळुरूला पाठवणाऱ्या मुलामुलींना या जुन्या पद्धतीतून काही मिळणार असेल, तर ते इथेच आहे. ऑडिशनची तयारी म्हणजे दिलेल्या उताऱ्याची तयारी, हा समज चुकीचा आहे. त्या दोन मिनिटांत दिसतो तो नटाने कोणी पाहत नसताना केलेला अभ्यास.

याच परिसरातली आणखी दोन उदाहरणे पाहावीत. हुबळीजवळच्या अमरगोळला १८८६ साली जन्मलेले रामभाऊ कुंदगोळकर अब्दुल करीम खाँसाहेबांकडे गाणे शिकायला गेले, तेव्हा निदान आठ वर्षे शिकण्याची अट खाँसाहेबांनी घातली होती. पुढे गुरूच्या मर्जीविरुद्ध ते मराठी रंगभूमीवर आले आणि सवाई गंधर्व म्हणून गाजले. कानडी मुलखात वाढलेल्या माणसाने मराठी प्रेक्षकांना जिंकले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नुसत्या गळ्यावर ते होत नाही. बोलण्याची लय, वाक्याचा तोल कानात मुरावा लागतो, आणि त्याला वेळच द्यावा लागतो. दुसरे उदाहरण मल्लिकार्जुन मन्सूर यांचे. धारवाडजवळच्या मन्सूर गावचा हा मुलगा नाटक मंडळीत गात असताना संगीतगुरू अप्पय्यास्वामींनी त्याला ऐकले आणि शिष्य करून घेतले. ती कोणी ठरवून घेतलेली परीक्षा नव्हती. रोजच्यासारखा एक प्रयोग होता, आणि रोजचा प्रयोग चांगला होत होता म्हणून त्या दिवसाचाही झाला.

यावर पहिला आक्षेप असा की मंडळीचे गुणगान करताना तिची किंमत विसरू नये. मुलांची शाळा सुटे, घर सुटे, मालकाच्या मर्जीवर दिवस काढावे लागत. स्त्रियांना तर दारच बंद होते. शारदा, शकुंतला, भामिनी या भूमिका पुरुषांच्याच वाट्याला होत्या. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. ओळखदेख नसलेल्या मुलीलाही आज स्वतःचे काम पाठवता येते, हे ऑडिशनने केलेले मोठे काम आहे आणि ते दार उघडेच राहिले पाहिजे. पण दार उघडले म्हणजे आत जाण्याची तयारी झाली असे नाही. जुन्या मंडळीचा जाच गेला ते उत्तम झाले, मात्र त्याबरोबर तिची तालीमही गेली, आणि त्या जागी बहुतेक गावांत काहीच आले नाही.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. संगीत नाटकातला नट मुळात गवई. वन्समोअर घेत उभा राहणारा. त्याच्याकडून कॅमेऱ्यापुढच्या नटाने काय शिकायचे? पण बालगंधर्वांसारख्या गळ्याच्या नटालाही गद्याची तालीम देवलांकडून घ्यावी लागली होती. स्वतः केशवराव स्त्रीभूमिकांतून पुढे आले आणि ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले. शारदेपासून धैर्यधरापर्यंत जाताना चाल, नजर, आवाजाचा पल्ला सगळेच बदलावे लागते. गाणे तिथे निम्मेच काम करते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. कॅमेऱ्याला अभिनय लहान लागतो हे कबूल. पण समोरच्याचे वाक्य खरोखर ऐकून मगच बोलणे दोन्हीकडे सारखेच लागते. उतारा पाठ करताना समोरच्याचीही वाक्ये पाठ केलेला आणि नसलेला उमेदवार यांतला फरक चित्रणात लगेच कळतो. हुबळीच्या मुलामुलींना तर दोन भाषांचा कान घरातच मिळालेला असतो. बोलण्यातला कानडी हेल सरसकट पुसण्यापेक्षा तो हवा तेव्हा आणता आणि हवा तेव्हा बाजूला ठेवता येणे, हीच खरी तयारी, आणि ती आठवड्याभरात होत नाही.

मग आज अशी तालीम कुठे मिळेल? स्पर्धेपुरते एकत्र येणारे गट तिची जागा घेऊ शकत नाहीत. प्रयोग संपला की शिकणेही संपते. वेगळी वाट दिसते ती निनासममध्ये. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूला १९४९ साली सुरू झालेल्या या नाट्यसंस्थेने १९८० मध्ये रंगशिक्षण केंद्र काढले आणि १९८५ पासून ‘तिरुगाट’ ही फिरती मंडळी चालवली. तिथे नट गावोगाव तीच नाटके नव्या नव्या प्रेक्षकांसमोर करत राहतो. मंडळीचा जाच वगळून तिचा अभ्यास तेवढा राखण्याचा माझ्या माहितीतला हा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न आहे. हुबळीच्या मराठी मुलाला तो अभ्यास कानडीतून घ्यावा लागेल, आणि त्याने तो जरूर घ्यावा. पण ललितकलादर्श जिथे जन्मली त्या शहरात, एक नाटक वर्षभर बसवून ते बेळगाव, निपाणी, कारवारपर्यंत फिरवणारा मराठी गट उभा करायला हरकत कसली? त्याला लागते ती एक खोली, एक संहिता आणि चुका सांगणारा जाणता तालीममास्तर.