सुरी की सबुरी?

नागपूरच्या प्रताप नगर चौकातून खामल्याकडे वा त्रिमूर्ती नगराकडे जाताना अस्थिरोगतज्ज्ञांच्या पाट्या जागोजागी दिसतात. नोकरदार व निवृत्त मंडळींच्या या वस्तीत गुडघे, कंबर आणि खांदे हा नित्याच्या बोलण्याचा विषय असावा, यात नवल नाही. या बोलण्यातून एक समज मात्र पक्का झालेला आढळतो : हाडांच्या डॉक्टरांकडे गेले की शस्त्रक्रिया ठरलेलीच! या भीतीपोटी काही जण दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. तर काही जण भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून निमूटपणे तारीख घेतात. प्रश्न दोघेही विचारीत नाहीत आणि नुकसान दोघांचेही होऊ शकते.

वस्तुतः शस्त्रक्रिया हा या शास्त्राचा मूळ धर्मच नव्हता. त्याचे 'ऑर्थोपेडिक्स' हे नाव ज्या शब्दावरून आले, तो निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली मुलांच्या शरीरातील व्यंगे सुधारण्याविषयी लिहिलेल्या ग्रंथासाठी योजिला होता. भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ झाली, ती त्यानंतर शतकभराने. आजही या तज्ज्ञांचे बरेचसे काम प्लास्टर, पट्टे, औषधे आणि व्यायाम यांवरच चालते. मोडलेले हाड निसर्गच जोडतो. ते सरळ बसविणे व स्थिर राखणे एवढेच पुष्कळदा पुरेसे असते. गळपट्टीचे हाड मोडले तर बहुधा हात झोळीत अडकवून भागते. मणक्यातील चकती सरकल्याने पायात उतरणारी कळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते. जन्मतः पाऊल वाकडे असलेल्या बालकांवर पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया होत, अमेरिकेतील डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीने आता दर आठवड्याला प्लास्टर बदलून आणि फार तर टाचेची शीर किंचित मोकळी करून ते सरळ होते.

तथापि सबुरीलाही मर्यादा आहे. न्हाणीघरात घसरून वृद्ध आजीचे खुब्याचे हाड मोडले, तर तिला हाडवैद्याच्या लेपावर विसंबून महिनोन् महिने अंथरुणात ठेवणे म्हणजे शय्याव्रण आणि न्यूमोनिया यांना आमंत्रण देणे होय. तेथे एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया होणेच हिताचे. कातडी फाडून बाहेर आलेले हाड, किंवा मज्जातंतूंवर दाब येऊन लघवीवरील ताबा जाणे, या प्रसंगी तर तासांचा हिशेब असतो.

खरा वाद या दोन टोकांमधल्या प्रदेशात आहे. ह्यूस्टन येथे गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० रुग्णांवर एक प्रयोग झाला. काहींच्या सांध्यात दुर्बीण घालून तो स्वच्छ केला, तर काहींना केवळ वरवरच्या चिरा दिल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांच्या वेदनेत फरक पडला नाही. खांद्याजवळ दंडाचे हाड मोडलेल्या २५० रुग्णांची ब्रिटनमध्ये तुलना झाली, तेव्हाही (२०१५) दोन वर्षांनंतर शस्त्रक्रियेचा गट आणि झोळीचा गट सारखेच आढळले.

अशा संदिग्ध प्रदेशात निर्णय कोण घेतो? कॉटन मार्केटमधील गिऱ्हाईक वांगे उलटसुलट पाहून घेते. रुग्णाला आपला मणका तसा पारखता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेत ज्ञान एका बाजूला एकवटलेले असते आणि म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. येथे गरज ठरविणारा आणि ती पुरविणारा एकच असतो. त्यात व्यायाम शिकविण्यात अर्धा तास घालविणाऱ्या डॉक्टरांना केवळ तपासणी शुल्क मिळते. शस्त्रक्रियेचा मोबदला कितीतरी पट अधिक असतो. बहुतेक आरोग्यविम्यांत रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च मिळतो, बाहेरून घेतलेल्या व्यायामोपचाराचा मिळत नाही. म्हणजे डॉक्टर प्रामाणिक असले, तरी व्यवस्थेचे वजन सुरीच्याच पारड्यात पडते.

शासनाने या बाजारात हस्तक्षेप केलेला आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम गुडघ्याची किंमत सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आणली. पण किंमत उतरल्याने गुडघा बदलण्याची गरज होती की नाही, हे ठरत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राने नियम दुरुस्त करून खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. हे फलक वाचण्याची सवय मात्र नागरिकांनाच लावून घ्यावी लागेल.

शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल, थांबल्यास किती काळ थांबता येईल आणि तोवर दुसरा कोणता उपाय आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारावेत. घाईचे कारण नसेल तेथे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. नागपूरकरांना त्यासाठी 'मेडिकल' आणि 'मेयो' ही दोन शासकीय रुग्णालये आहेत. तेथे रांगेत अर्धा दिवस जाईल; परंतु आयुष्याची पुंजी पणाला लागत असताना अर्धा दिवस महाग नव्हे. त्याचबरोबर विम्याने आणि शासकीय योजनांनी शस्त्रक्रियेइतकाच व्यायामोपचारालाही आधार द्यावयास हवा. हाडांचे डॉक्टर नेहमीच सुरी उचलत नाहीत. सबुरीचा सल्ला देणे त्यांना परवडेल, अशी व्यवस्था उभारणे हे समाजाचे काम आहे.