मागच्या चाकाचं माप आतून घ्यावं

जबलपूरहून कटनीकडे निघालेला महामार्ग पनागरवरून पुढे सिहोऱ्याला जातो. ज्या जबलपूरच्या नावाचं आद्याक्षर एका गाडीने आपल्या नावात मिरवलं, ते पनागरपासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर. ती गाडी म्हणजे जोंगा, अर्थात ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’. निस्सान पॅट्रोलवर बेतलेली आणि सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं इंजिन असलेली ही गाडी लष्करासाठी जबलपुरात बनत होती. 1999 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. लष्कराने मोडीत काढलेल्या जोंगा लिलावातून शौकिनांच्या दारी आल्या, आणि आज त्यांचं जे होतं तेच वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेल्या पद्मिनीचंही होतं. इंजिन दुरुस्त होतं, रंग चढतो, आणि शेवटी मालक मागच्या चाकांना जाडजूड टायर नि चकचकीत रिम घालून ती मडगार्डच्या बाहेर काढतो. गाडी दिसते झोकात, यात वाद नाही. पण चाक निवडताना डोळा बाहेरच्या बाजूला असतो आणि गाडीची अडचण आतल्या बाजूला असते. म्हणून मागच्या चाकाचा निर्णय आतून बाहेर असा घ्यावा, आणि टायरची मध्यरेषा कारखान्याने ठेवली होती तिथून शक्य तितकी कमी हलवावी, असं माझं म्हणणं आहे.

रिमचा जो सपाट भाग हबला टेकतो, तिथपासून रिमच्या आतल्या काठापर्यंतचं अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग. रिम दर्शनी बाजू खाली करून जमिनीवर पालथी ठेवा, वरच्या काठांवर एक सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबच्या बैठकीपर्यंत टेप सोडा. मिळालं माप. याचंच भावंड म्हणजे ऑफसेट, रिमच्या मध्यरेषेपासून त्या बैठकीचं अंतर. नव्या अलॉय रिमवर ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेलं असतं. घोळ इथेच होतो. रिम साडेपाच इंची म्हटली की ते माप टायर बसतो तेवढ्याच जागेचं असतं, दोन्ही काठांची जाडी धरून ती सुमारे साडेसहा इंच भरते, म्हणजे 165 मिलिमीटर. तिचा ऑफसेट 40 असेल तर निम्मी रुंदी साडेब्याऐंशी अधिक 40, म्हणजे बॅकस्पेसिंग एकशे साडेबावीस. आता समजा जुनी रिम साडेचार इंची होती आणि ऑफसेट 25. तिचं बॅकस्पेसिंग येतं सुमारे 95. रुंदी वाढली एकच इंच, पण चाक आत सरकलं साडेसत्तावीस मिलिमीटर, म्हणजे एका इंचाहून जास्त. हल्लीच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या रिमांचा ऑफसेट बहुधा मोठा असतो, त्यामुळे बोल्टांची भोकं जुळली म्हणून उचललेली रिम मागे थेट पाट्यांवर जाऊन घासते.

पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग. जोंगा काय, पद्मिनी काय, दोघींचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आणि पाट्यांवर बसवलेला. हा अ‍ॅक्सल स्थिर नसतो. पनागरच्या आसपास काळ्या मातीच्या गाडीवाटेवर एक चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा अ‍ॅक्सल तिरपा होतो आणि वर गेलेल्या चाकाचा माथा आत, गाडीच्या पोटाकडे कलतो. वळणावर पाट्यांच्या टोकांची रबरी बुशं दबतात आणि बॉडी अ‍ॅक्सलवर किंचित बाजूला सरकते. उभ्या गाडीत बोट जातंय म्हणून फट पुरेशी आहे असं मानणारा माणूस या दोन्ही हालचाली विसरतो. त्यात चिखल भरला की उरलीसुरली फटही जाते. माप घेताना चाक काढून जॅक चेसिसखाली नव्हे, अ‍ॅक्सलखाली लावावा, म्हणजे पाटे गाडीच्या वजनाने दबलेलेच राहतात. मग हबच्या तोंडापासून आत पाट्यांच्या कडेपर्यंत आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरपर्यंत मोजावं. बाहेर मडगार्डच्या ओठावरून ओळंबा सोडून, कमानीवर तीन-चार ठिकाणी माप घ्यावं. त्यानंतर एका बाजूचा अ‍ॅक्सल रबरी बंपला टेकेपर्यंत उचलून पुन्हा पाहावं. आणि हे सगळं दोन्ही बाजूंना करावं, कारण पन्नास वर्षांत पत्र्याला पॅच आणि पुट्टी लागलेल्या गाडीची डावी-उजवी बाजू सारखी असेलच असं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आत घासतंय तर स्पेसर घाला, चाक बाहेर येईल. येईल, पण बोजाही बाहेर येईल. भरलेली बादली अंगाला लावून धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच बेअरिंगला सोसावा लागतो. शिवाय नुसती चकती सरकवली तर बोल्टाचे आटे तेवढे कमी गुंततात, आणि मागचं चाक आट्यांच्याच भरवशावर असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मूळ टायर अगदीच बारीक होते, आजच्या रस्त्यावर ब्रेक मारताना पकड हवी. हे मला मान्य आहे. पण त्यासाठी रुंदीपेक्षा रेडियल टायर अधिक कामाचा, आणि थोडी रुंदी हवीच असेल तर ती दोन्ही बाजूंना सारखी वाटावी. ऑफसेट तोच ठेवून रिम एका इंचाने वाढवली की अर्धा इंच आत जातो, अर्धा बाहेर, आणि मध्यरेषा जागची हलत नाही. चाळीसेक अश्वशक्तीच्या पद्मिनीला याहून जास्त लागतं असं तिचं इंजिन तरी म्हणत नाही.

उंचीचा हिशेब मात्र बहुतेक जण करतच नाहीत. पद्मिनीचा मूळ टायर 5.20-14. त्याच्या जागी 155/80 आर 14 घेतला तर चाकाचा व्यास सुमारे 604 मिलिमीटर येतो, मूळच्या जवळपासच, आणि साडेचार इंची रिम त्याला नेमकी बसते. हौसेने 185/60 आर 14 घातला तर व्यास उतरतो 578 वर. गाडी 13 मिलिमीटर खाली बसते, इंजिनाला त्याच अंतरासाठी चार टक्क्यांहून जास्त फेरे मारावे लागतात, आणि 604 ला बरोबर असलेला स्पीडोमीटरचा काटा 60 दाखवतो तेव्हा वेग असतो सुमारे साडेसत्तावन्न. वर मडगार्ड रिकामं दिसू लागतं, ते भरायला मालक आणखी रुंद टायर शोधतो.

एवढं घासतंय तर मडगार्डचा ओठ ठोकून आत वळवा, फार झालं तर कापा, असा सल्लाही मिळतो. इथे कायदा मधे येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतले मूळ तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी दिली, तीही चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नसतील तरच. रिम उद्या काढून जुनी बसवता येते, कापलेला पत्रा परत येत नाही. तेव्हा रिमवाल्याकडे जाण्याआधी ही मापं कागदावर लिहून घ्या, दुकानात ‘ईटी’चा आकडा मागा, एकच चाक बसवून बंपपर्यंत उचलून बघा आणि मगच बाकीच्या चाकांचे पैसे मोजा. मूळ रिमा मात्र विकू नका.