डेक्कन कॉलेजची वर्षगणना व त्याचे माजी विद्यार्थी

पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें, म्हणजे आजच्या 'डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था' या अभिमत विद्यापीठानें, सन २०२१ मध्यें आपलीं दोनशें वर्षें पुरीं केलीं. अशा प्रसंगीं संस्था मागील हिशेब पाहते व पुढील योजनांसाठीं माजी विद्यार्थ्यांस हांक देते. ही हांक द्रव्यापुरती असूं नये असें आमचें मत आहे, व त्यास आधार या संस्थेच्या चरित्रांतच सांपडतो.

हीं दोनशें वर्षें मोजावयाचीं कशीं, हाच पहिला प्रश्न. अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९० चा. संशोधनसंस्था या रूपानें आरंभ ता. १७ ऑगस्ट १९३९ चा. येरवड्याची प्रसिद्ध दगडी इमारत १८६८ सालीं वापरांत आली, आणि 'डेक्कन कॉलेज' हें नांव १८६४ चें. त्यापूर्वीं १८५१ पासून 'पूना कॉलेज' हें नांव चालत होतें. यांपैकीं कोणताही दिवस धरला तरी दोनशें वर्षें भरत नाहींत. तीं भरतात तीं विश्रामबाग वाड्यांतील संस्कृत पाठशाळेमुळें, आणि ती पाठशाळा निघाली दक्षिणेच्या पैशांतून.

श्रावणमासची दक्षिणा मूळ दाभाड्यांची. पुढें ती पेशव्यांनीं पुण्यांत चालविली, आणि तिच्या याद्या व खर्चाचे आंकडे दफ्तरांतून चाळणाऱ्यांस नवे नाहींत. १८१८ सालीं राज्य गेलें, तरी एल्फिन्स्टननें ही दक्षिणा एकदम बंद केली नाहीं; विद्वान् मंडळी असंतुष्ट होऊं नये हा धूर्त हेतु त्यांत होताच. तिच्याच कांहीं भागावर कमिशनर चॅप्लिन यानें ता. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं पाठशाळा उघडली. या तारखेचें गणित केलें असतां शके १७४३ च्या आश्विन शुद्धांतील दसऱ्याच्या सुमाराचा दिवस येतो. वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, पैसा पेशवाई धर्मादायाचा, शास्त्रें जुनीं, आणि हुकूम मात्र साहेबाचा, अशी ती मांडणी होती. म्हणून या संस्थेस केवळ इंग्रजी कॉलेज मानून तिचा इतिहास लिहिणारे तिचा पाया वगळून भिंती मोजतात.

मधल्या काळाविषयीं लिहिण्याचें कारण नाहीं. चिपळूणकर, टिळक, आगरकर हे येथील विद्यार्थी; 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' हुडकण्यासाठीं गांवोगांव पायपीट करणारे राजवाडेही येथलेच पदवीधर. सरकारी हस्तलिखितसंग्रह पुष्कळ वर्षें याच कॉलेजांत होता. १९१८ सालीं तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे गेला.

खरी कसोटी आली ती १९३४ सालीं. त्या वर्षीं सरकारनें कॉलेज बंद केलें. इमारत ओस पडली, आणि वर्षगणना तेथेंच संपावयाची. परंतु माजी विद्यार्थ्यांनीं न्यायालयाची वाट धरली. त्यांच्या म्हणण्याचा मुद्दा असा कीं, इमारतीसाठीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्याकडून आलेलें धन विशिष्ट हेतूनें दिलेलें आहे, व सरकार हें त्याचें धनी नसून विश्वस्त आहे. वाद भावनेचा नव्हता. देणगी कोणत्या अटीवर दिली व घेतली, याचा होता, आणि असा वाद जुन्या कागदांवरच चालतो. पांच वर्षांनीं संस्था नव्या रूपानें उघडली. कत्रे, सांकळिया, इरावतीबाई कर्वे व शेजवलकर अशीं माणसें तीस लाभलीं, आणि साताऱ्याचा पारसनीस-संग्रहही १९३९ सालीं तेथें आला. माजी विद्यार्थी स्वस्थ बसते, तर दोनशें वर्षांचा उत्सव करावयास संस्थाच उरली नसती. योजनेच्या बैठकींत ते बसतात ते या हक्कानें, पाहुणे म्हणून नव्हे.

आतां पुढील योजनांविषयीं. येथील संस्कृत महाकोशाचें काम १९४८ सालीं सुरू झालें, पहिला भाग १९७६ सालीं निघाला, शब्दचिठ्ठ्या सुमारें एक कोटि जमल्या, आणि छपाई अद्याप अकारांतच आहे. यांत कोणास विलंबाचा दोष द्यावयाचा असेल त्यानें खुशाल द्यावा. आम्हांस त्यांत एवढेंच दिसतें कीं, हें काम एका माणसाच्या आयुष्यांत मावणारें नसून शिष्यपरंपरेनेंच पुरें व्हावयाचें आहे. अशा संस्थेनें माजी विद्यार्थ्यांकडे वर्गणी मागण्यापूर्वीं त्यांच्या घरांतील कागद मागावे. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्याख्यानांच्या वह्या, गुरुजनांचीं पत्रें, उत्खननाच्या रोजनिश्या व छायाचित्रें माळ्यावर पडलेलीं असतात. वाडा पाडून नवी इमारत उठली कीं तीं रद्दीवाल्याकडे जातात. द्रव्य आज ना उद्यां मिळतें, गेलेली वही मिळत नाहीं.

यासाठीं मोठा समारंभ नको. प्रत्येक माजी विद्यार्थ्यानें आपल्याजवळ काय आहे याची यादी पाठवावी, व संस्थेनें ती छापावी. ज्यांस मूळ कागद देववत नसेल त्यांच्याकडून नक्कल किंवा छायाप्रत घ्यावी. देणारानें मात्र रुमाल सोडून पत्रें तारीखवार लावण्याच्या भरीस पडूं नये. बांधणी होती तशीच ठेवावी, आणि कागद कोणाच्या घरचा, कोणत्या गांवचा व कोणत्या पेटींतला, हें निराळ्या चिठ्ठीवर लिहून रुमालांत घालावें.